गिरणीतले गाऱ्हाणे

मुंबईच्या कापडगिरणीत कामगाराने आपले गाऱ्हाणे कोणाला सांगायचे, हा प्रश्न गिरण्यांइतकाच जुना आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीची गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. तेव्हा एकाच छपराखाली जी माणसे काम करत होती त्यांच्यात बोलाचालीचा धागा फार बारीक होता. मालक पारशी, भाटिया, गुजराती किंवा बगदादी ज्यू. सुरुवातीची यंत्रे लँकशायरहून आली आणि ती चालवून दाखवणारे मास्तरही तिकडूनच आले. कामगारांत सर्वाधिक रत्नागिरी जिल्ह्यातले, त्याखालोखाल सातारा आणि घाटावरचे. काही उत्तर हिंदुस्थानातून आलेले, आणि विणकामात मदनपुऱ्यातले मुसलमान विणकर. हिशेबाच्या वह्या गुजरातीत किंवा इंग्रजीत, कामगारांची बोली मालवणी नाहीतर घाटी, त्यातून साचेखात्यात साचे, म्हणजे माग, चालू झाले की शेजारच्या माणसाचाही शब्द कानी पडत नसे.

ही दरी भरून काढायला गिरणीने जो माणूस उभा केला तो जॉबर. यंत्र दुरुस्त करणे, कच्च्या माणसाला काम शिकवणे आणि खात्याचे उत्पादन राखणे ही त्याची नावाची कामे. प्रत्यक्षात माणूस कामावर घेणे, काढणे, रजा देणे, चांगला साचा कोणाला आणि मोडका कोणाला हे ठरवणे सगळे त्याच्या हातात होते. तो बहुधा कामगारांतूनच वर आलेला असे आणि आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे खात्यात भरत असे. नोकरी लागताना तो माणसाकडून दस्तुरी घेई, आणि पुढेही सणावाराला किंवा पगाराच्या दिवशी काही ना काही. अडीनडीला कर्ज तोच देई, चाळीतल्या खोलीसाठी शब्दही तोच टाकी. म्हणून जॉबरला नुसता लाचखाऊ म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. मुंबईत नव्या आलेल्या माणसाला त्याच्याइतका उपयोगी पडणारा दुसरा कोणी नव्हता. पण निरोप नेणाराही तोच आणि निरोप ज्याच्याविरुद्ध असे तोही पुष्कळदा तोच. गिरणीतल्या बोलण्याची सारी अडचण या एका गोष्टीत साठलेली होती. मास्तराला मराठी येत नसे, कामगाराला इंग्रजी येत नसे. मधला माणूस जे सांगेल ते दोघांनीही खरे धरायचे.

बायकांच्या खात्यांत हीच जागा नाईकिणीची. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत बायका काम करत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. नाईकीण त्यांची भरती करी, खाडे मोजी आणि दस्तुरीही घेई. तान्ह्या पोराला पाजायला मधे किती वेळ जायचे, उशीर झाला तर गेटातून आत घ्यायचे की नाही, अशा रोजच्या लहानसहान गोष्टी तिच्या मर्जीवर असत. बाईने नाईकिणीला ओलांडून पुरुष मास्तरापुढे जाऊन उभे राहायचे म्हणजे दोन उंबरे ओलांडायचे होते.

साचेवाल्याच्या एका नेहमीच्या प्रसंगावरून ही अडचण नीट कळते. विणलेले कापड तपासणीच्या टेबलावर जाई. तिथे दोरे तुटलेले, भोक पडलेले किंवा तेलाचा डाग लागलेले कापड खोटा माल म्हणून बाजूला काढत. काही गिरण्यांत नुसता दंड करून भागत नसे; ते कापडच साचेवाल्याच्या माथी मारत आणि त्याची किंमत पगारातून कापत. आता दोष कोणाचा? सूत कच्चे असेल, ताण्याला खळ नीट लागलेली नसेल, साचा जुना असेल, नाहीतर साचेवाल्याचे खरोखरच दुर्लक्ष झाले असेल. पहिल्या तिन्ही गोष्टी सांगायच्या म्हणजे दुसऱ्या खात्याच्या मास्तरावर किंवा स्वतःच्या जॉबरवर बोट ठेवायचे. ते धाडस करणाऱ्याला पुढच्या महिन्यात सर्वांत वाईट साचा मिळण्याची भीती असे. म्हणून बहुतेक जण गप्प राहत, कापड काखोटीला मारून घरी नेत आणि मिळेल त्या भावाने विकून टाकत. हे हातात पडलेले कापड गिरणी कामगारांच्या मनात फार खोल सलत असे. पुढच्या प्रत्येक चौकशीत ते पुन्हा पुन्हा वर आले.

बोलता येत नाही तेव्हा माणूस दुसऱ्या वाटा काढतो. कामगार खाडा करत, शिमग्याला किंवा भातलावणीला गावी निघून जात, एक गिरणी सोडून दुसरी धरत. याच्या पलीकडची वाट म्हणजे एखाद्या खात्याने एकदम साचे बंद करून बाहेर येणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे एका खात्याचे किंवा एका गिरणीचे, एक-दोन दिवसांचे संप होतच असत. त्यांतले काही जॉबरच घडवून आणत. मास्तराशी त्याचे बिनसले की तो आपली माणसे घेऊन बाहेर पडे. मालकांना हे संप अचानक वाटत. खरे तर महिनोन्महिने न बोललेले त्या दिवशी बाहेर येत असे.

जॉबरला वगळून थेट वर बोलण्याचा पहिला मोठा प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे यांचा. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातले हे कार्यकर्ते. मांडवीच्या एका गिरणीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांच्या हाती होते. म्हणजे गिरणी आतून पाहिलेली आणि लेखणीही हातात. १८८४ मध्ये सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले तेव्हा लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबरला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. अर्जातल्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट होत्या. रविवारी सुट्टी द्यावी; दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी; काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे; पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा; कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचा पंगू झालेल्याला पोटगी मिळावी.

या अर्जाचे महत्त्व मागण्यांइतकेच त्याच्या रीतीत आहे. एकट्या माणसाने सांगितले तर त्याचे नाव जॉबरच्या लक्षात राहते. साडेपाच हजार नावांपुढे कोणाला काढायचे? अर्जाच्या भाषेत विनवणी आहे, पण तिच्यात तारखा, वेळा आणि आकडे आहेत. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या, ही गोष्ट नाईकिणींचा तो काळ लक्षात घेतला तर फार मोठी आहे. त्यानंतर १० जून १८९० ला गिरणी मालक संघाने आठवड्याला एक सुट्टी मान्य केली. मालकांची ही संघटना १८७५ पासूनची. मालकांना एकत्र बोलण्याची सोय कामगारांच्या आधी झालेली होती. लोखंडे यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला मात्र ना नियमावली होती, ना सभासदांची यादी, ना वर्गणी. ती संघटना म्हणजे कामगाराने आपली तक्रार घेऊन जाण्याचा एक पत्ता होता. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले आणि तो पत्ताही गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जागा काही सुशिक्षित मंडळींनी भरून काढली. सीताराम केशव बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०९ च्या सुमारास कामगार हितवर्धक सभा स्थापन केली आणि ‘कामगार समाचार’ हे साप्ताहिक काढले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. लीगची मंडळी चाळींत वाचनालये आणि रात्रशाळा चालवत, आणि त्याबरोबर कामगाराचा अर्ज लिहून देणे, अडकलेला पगार मिळवून देणे, मॅनेजरची गाठ घेणे ही कामेही करत. हे काम वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येणारे नव्हते. पण ज्याला सही करता येत नाही अशा माणसाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यायचे आणि मॅनेजरला टाळता येणार नाही अशा शब्दांत कागदावर मांडायचे, यात फार मोठे कौशल्य होते.

मालकांचा यावर ठरलेला आक्षेप असे: हे बाहेरचे लोक आहेत, कामगाराला काही सांगायचे असेल तर त्याने स्वतः यावे. ऐकायला हे रास्त वाटते. पण स्वतः आलेल्याचे काय होते हे खात्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले होते. बाहेरच्या माणसाला निर्भयपणे बोलता येई, याचे एक साधे कारण म्हणजे त्याची नोकरी त्या गिरणीत नव्हती.

अहमदाबादेत याच काळात वेगळी घडी बसली. १९१८ च्या संपानंतर गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये मजूर महाजन उभे राहिले आणि मालक व कामगार यांच्यातले वाद पंचांकडे नेण्याची पद्धत पडली. तक्रार आधी महाजनाकडे, मग गिरणीकडे, न मिटल्यास पंचांकडे, असा तिचा प्रवास. मालक आणि कामगार दोघेही बहुतेक गुजराती बोलणारे, गावाने ओळखलेले. त्यामुळे ही पद्धत तिथे रुजली. मुंबईत असा सामाईक कट्टा नव्हता.

मुंबईत १९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तेव्हा हा अभाव उघडा पडला. कपातीचे कारण मंदी आणि जपानी कापडाची स्पर्धा. कारण खरे असेल, पण ज्यांच्या ताटातला घास जाणार त्यांच्याशी आधी बोलणे झालेले नव्हते. संप सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालला आणि सरकारने देशी कापडावरचे उत्पादनशुल्क स्थगित केल्यावर कपात मागे घेतली गेली. १९२८ मध्ये त्याहून मोठा भडका उडाला. एका माणसाने अधिक साचे आणि अधिक चात्या सांभाळाव्यात ही नवी पद्धत गिरण्यांत येत होती. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने बाहेर राहिले. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मांडल्या आणि अखेर सरकारने नेमलेल्या फॉसेट समितीपुढे दोन्ही पक्षांची बाजू गेली. दर, साचे, दंड, कामाचे नियम या सगळ्यांवर मालकांचे प्रतिनिधी आणि कामगारांचे पुढारी समोरासमोर बसून कलमागून कलम बोलले, हे मुंबईत एवढ्या बारकाईने प्रथमच घडत होते.

या संपात जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनने एक गोष्ट केली, तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. युनियनने गिरणीगणिक कामगारांच्या समित्या नेमल्या. खात्यातल्या माणसाने आपली तक्रार समितीतल्या आपल्याच सोबत्याला सांगायची आणि समितीने ती घेऊन मॅनेजरकडे जायचे. जॉबरच्या शेजारी, त्याला न विचारता चालणारी ही नवी वाट. पाळी सुटताना गेटावर सभा होई, तिथे कालची तक्रार कुठवर गेली ते सांगितले जाई. जॉबरांना आणि मॅनेजरांना या समित्या खुपल्या. समित्यांनीही पुष्कळदा बोलण्याआधीच काम बंद पाडले आणि स्वतःचे वजन घालवले. मार्च १९२९ मध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कट खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्या वर्षीचा संप फसला आणि समित्या मोडल्या.

त्याच १९२८ च्या संपात आणखी एक अवघड बोलणे झाले, आणि ते मालकांशी नव्हते. विणकाम हे अधिक पगाराचे खाते. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून भोकातून काढावे लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण साचेवाले अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे सरळ प्रश्न ठेवला: सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घालणार की नाही? नाहीतर अस्पृश्य कामगारांनी या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी मागणी नाखुशीने स्वीकारली. कामगारांची एकी बोलून दाखवणे सोपे होते. त्या एकीत कोणाचा शब्द धरलेला नाही हे बोलणे अवघड होते, आणि ते बोलणारा माणूस संपाच्या व्यासपीठाबाहेरून यावा लागला.

१९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने, म्हणजे व्हिटली कमिशनने, हिंदुस्थानभर फिरून साक्षी घेतल्या. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर नेमके बोट ठेवले आहे. कारखान्यात लेबर ऑफिसर नेमावा, त्याच्या वर फक्त जनरल मॅनेजर असावा, भरती त्यानेच करावी, अशी शिफारस होती. या माणसाच्या अंगी सचोटी आणि माणसे ओळखण्याची हातोटी हवी, आणि त्याला भाषा यायला हव्यात, असेही कमिशनने म्हटले. पाऊणशे वर्षे ज्या कामगाराशी बोलायला मधला माणूस लागत होता, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा अधिकारी असावा, ही गोष्ट कागदावर यायला १९३१ साल उजाडले.

१९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई सरकारने ट्रेड डिस्प्युट्स कॉन्सिलिएशन कायदा केला. त्यात सरकारी लेबर ऑफिसर आला: कामगारांची गाऱ्हाणी ऐकायची, गिरणीकडे मांडायची, न मिटल्यास समेटाच्या अधिकाऱ्याकडे न्यायची. यामागे युनियनमधल्या कम्युनिस्टांना बाजूला ठेवण्याचा सरकारचा हेतू होता, हे उघड आहे. तरी कामगार या अधिकाऱ्याकडे जाऊ लागले, कारण त्यांना कोणीतरी हवे होते. १९३५ मध्ये बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्या, कामगारांसाठी कार्डे सुरू झाली. त्याआधी सकाळच्या भोंग्याला गेटावर उभ्या असलेल्या घोळक्यातून जॉबर हाताने खूण करून माणूस आत घेई. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळे आणि खाडे पडले की त्यांच्यातूनच माणूस घ्यायचा. एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने जॉबरपुढे हात जोडण्याची गरज थोडी कमी केली. पुरती गेली नाही. कार्ड कोणाला द्यायचे यात त्याचा शब्द चालतच राहिला.

यानंतर गाऱ्हाण्याची वाट कायद्यातून जाऊ लागली. १९३८ च्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स कायद्याने समेटाच्या सगळ्या पायऱ्या संपण्याआधी केलेला संप बेकायदा ठरवला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप केला. १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा याच वाटेने आणखी पुढे गेला. कामात किंवा पगारात बदल करायचा तर मालकाने आधी नोटीस द्यायची. कामगारांना बदल हवा असेल तर त्यांनीही नोटीस द्यायची. मग बोलणी, समेट, आणि शेवटी इंडस्ट्रियल कोर्ट. १९२५ ची कपात ज्या रीतीने आली होती ती रीत या कायद्याने बंद झाली. १९४६ च्याच स्टँडिंग ऑर्डर्सच्या केंद्रीय कायद्याने देशभरच्या मोठ्या कारखान्यांना कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशदाराजवळ फळ्यावर लावायला लावले.

शिस्तीच्या बाबतीत या नियमांनी मोठा फरक पडला. पूर्वी जॉबर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणे आणि संपले. आता आरोपपत्र द्यावे लागे, कामगाराचा खुलासा घ्यावा लागे, चौकशी करावी लागे. खोलीत परतल्यावर तो कागद चाळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यायचा, मग युनियनच्या ऑफिसात जाऊन उत्तर लिहून घ्यायचे, आणि खाली स्वतःची सही किंवा अंगठा. आपल्यावर नेमका काय ठपका आहे हे कामगाराला लेखी कळू लागले, ही साधी गोष्ट नव्हती. पण त्या उत्तराची भाषा त्याची नव्हती. ‘साचा जुना होता, जॉबरला तीनदा सांगितले’ याचे कागदावर ‘आरोप निराधार असून मला मान्य नाहीत’ असे होई, आणि साच्याची दुरुस्ती राहूनच जाई.

कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्याचे काम करणारी माणसे घडवायची सोयही याच काळात झाली. १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेली समाजकार्याची शाळा, आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, कामगार कल्याणाचे शिक्षण देऊ लागली. १९४७ मध्ये सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर नेमणे भाग पाडले, आणि परळची ही संस्था असे अधिकारी तयार करत राहिली. ती आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालते.

१९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यात एक कलम असे होते, की पुढे सगळे त्याच्यावर येऊन अडले. एका उद्योगात एका भागापुरती एकच प्रातिनिधिक युनियन. कामगारांच्या वतीने बोलण्याचा आणि करार करण्याचा अधिकार तिचाच. मुंबईच्या कापडधंद्यात हा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. हेतू असा, की दहा तोंडांनी बोलण्यापेक्षा एका तोंडाने बोलावे. पण ज्याला हा संघ आपला वाटत नव्हता त्या कामगाराने काय करावे, याला कायद्यात जागा फार थोडी होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले तेव्हा पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांच्याइतकीच ही मागणीही होती, की आमच्या वतीने कोणी बोलायचे ते आम्हाला ठरवू द्या. कायद्याने ज्याच्याशी बोलायचे त्याच्यामागे कामगार नव्हते, आणि कामगार ज्याच्यामागे होते त्याच्याशी बोलायला मालक आणि सरकार तयार नव्हते. महिने लोटले. काही कामगार गावी गेले ते परत आलेच नाहीत, काही गुपचूप गेटातून आत जाऊ लागले, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.